मेलबर्नचे ताट

परदेशी निघालेल्या जैन कुटुंबाच्या सामानातील निम्मे वजन खाखरे, थेपले आणि मसाल्यांच्या पुड्यांचे असते, असे थट्टेने म्हटले जाते आणि ही थट्टा फारशी खोटी नसते. ऑस्ट्रेलियाच्या विमानतळावर मात्र तिला चाप बसतो. तेथे जवळचा प्रत्येक खाद्यपदार्थ कार्डावर लिहून दाखवावा लागतो. न लिहिल्यास मोठा दंड होतो. बियाणे, अख्खे धान्य, ताजी फळे, घरी केलेले पेढे-बर्फी अशा वस्तू तेथील अधिकारी बाजूला काढतात. आपली शेती आणि पशुधन बाहेरच्या रोगांपासून वाचवण्यासाठी त्या देशाने केलेला हा बंदोबस्त कडक असला, तरी समजण्याजोगा आहे. परंतु त्यामुळे नेलेला शिधा थोडका असतो, तो पंधरा दिवसांत संपतो आणि त्यानंतर शहराकडे पाहावेच लागते.

नगरच्या दाळमंडईत पन्नास वर्षे भुसार मालाचा व्यापार केलेले एक गृहस्थ पत्नीसह डिसेंबरच्या आरंभी मेलबर्नला मुलाकडे गेले, तेव्हा त्यांच्या मनात कुतूहल कमी आणि धास्ती अधिक होती. मुलगा अकरा वर्षांपासून तेथे राहतो. सून पुण्याची, नातू नऊ वर्षांचा. फोनवरच्या बोलण्यातून शेठजींना एवढे ठाऊक होते की घरात कांदा-लसूण, कंदमूळ येत नाही. बाहेर गेल्यावर काय होते, हे कोणी सांगितले नव्हते आणि त्यांनीही विचारले नव्हते. बाप-लेकांमधील अशा न विचारलेल्या प्रश्नांवर कितीतरी घरे सुखाने चालत असतात.

पहिले दोन रविवार शेठजी म्हणाले, ‘‘तुम्ही जाऊन या. आम्हां दोघांना खिचडी पुरे.’’ परंतु आईवडिलांना घरी ठेवून मुलगा-सून कशी जाणार? परिणामी कोणीच बाहेर पडले नाही. तिसऱ्या रविवारी नातवाने जेवताना सरळ विचारले, ‘‘दादाजी आले की बाहेर जायचं बंद का?’’ त्या प्रश्नावर सर्वांनी आपापल्या ताटात पाहिले.

अडचण होती ती चौविहाराची. गेली तीस वर्षे सूर्यास्तानंतर शेठजींच्या तोंडात पाण्याचा थेंब गेलेला नाही. नगरला डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. त्यामुळे बाहेर जाऊन रात्रीचे जेवण ही कल्पनाच त्यांनी कायमची मोडीत काढली होती. मुलाने त्या दिवशी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवले. मेलबर्न दक्षिण गोलार्धात आहे. तेथे डिसेंबर म्हणजे भर उन्हाळा. शिवाय ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारपासून एप्रिलच्या पहिल्या रविवारपर्यंत घड्याळ एक तास पुढे केलेले असते. डिसेंबरअखेर तेथे सूर्य मावळतो तो रात्री पावणेनऊच्या सुमारास! उपाहारगृहे साडेपाच-सहाला संध्याकाळच्या जेवणासाठी उघडतात. सहाला बसून निवांत जेवून, शेवटी पाणी पिऊन, पच्चक्खाण घेऊनही बाहेर येताना डोक्यावर ऊन असते.

जैन प्रवाशाने मेलबर्नला कधी जावे, याचे उत्तर यातच आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने त्याच्यासाठीच केलेले आहेत. जूनमध्ये गेलात तर सूर्य पाच वाजून आठ मिनिटांनीच मावळतो आणि उपाहारगृहाचे दार उघडण्यापूर्वी चौविहार सुरू झालेला असतो. तेव्हा दुपारच्या जेवणावरच भिस्त ठेवावी लागते. गंमत अशी की, आपला चातुर्मास तेथे थंडीत सुरू होऊन वसंतात संपतो. पावसाशी त्याचे नाते तुटले, तरी तेथील कुटुंबे तो पाळतात.

शेठजी पहिल्यांदा उत्साहाने गेले ते क्वीन व्हिक्टोरिया मार्केटला. १८७८ साली सुरू झालेला हा बाजार आजही शहराच्या मध्यभागाजवळ भरतो; सोमवारी आणि बुधवारी बंद असतो. भाजी-फळांचे उघडे मांडव वेगळे आणि मांस-मासळीची बंदिस्त इमारत वेगळी असल्यामुळे मांडवांच्या बाजूने प्रवेश केल्यास नको ते दृश्य टाळता येते. डिसेंबर-जानेवारीत तेथे चेरी, जर्दाळू, पीच यांच्या राशी लागतात आणि क्वीन्सलंडकडून आंबे येतात. आपल्या हापूसचा सुगंध त्यांना नाही, पण रस भरपूर. शेठजींनी एकेक चेरी न्याहाळली, भाव विचारला, पुढच्या मांडवात गेले, पुन्हा परत आले. बाजार उठण्याच्या वेळी विक्रेते ओरडून भाव उतरवू लागले, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर मार्केटयार्डातील लिलावाची झाक दिसली. खरी चैन करायची असेल तर ती येथे करावी. स्वच्छ धुतलेल्या दोन किलो चेरींवर कोणत्याही पच्चक्खाणाला आक्षेप नसतो, अर्थात तिथी नसेल तर. फेब्रुवारीपासून ताजी अंजिरे येतात. ती पाहून सूनबाईंच्या तोंडाला पाणी सुटे, पण उंबराच्या कुळातील फळ म्हणून सासूबाईंनी ती घरात येऊ दिली नाहीत.

याच बाजारात १९२९ साली बांधलेले दुग्धपदार्थांचे दालन आहे. संगमरवरी फळ्यांवर शेकडो प्रकारचे चीज मांडलेले असते. सावधगिरीची सूचना एवढीच की, त्याच दालनात मांसाचे पदार्थही टांगलेले असतात. शेठजी दारातच थबकले. मुलगा म्हणाला, ‘‘चला बाबूजी, नको.’’ पण नातवाला चीज हवे होते. शेठजींनी मुलाला विचारले, ‘‘हे दूध फाडतात कशाने?’’

आपल्यापैकी पुष्कळांनी हा प्रश्न कधी विचारलेला नसतो. चीज करताना दूध घट्ट करण्यासाठी जे विरजण घालतात, त्याला रेनेट म्हणतात. ते परंपरेने वासराच्या पोटातील आवरणापासून काढले जाते. इटलीचे अस्सल पार्मेझान याच पद्धतीने होते. त्याला अपवाद नाही. आता पुष्कळ चीज सूक्ष्मजीवांपासून मिळवलेल्या रेनेटने करतात आणि ऑस्ट्रेलियात असे चीज सहज मिळते, परंतु विचारल्याशिवाय कळत नाही. मुलाने नाइलाजाने काउंटरवर विचारले. काउंटरवरच्या बाईंना प्रश्नाचे जराही नवल वाटले नाही. त्यांनी तीन चीज बाजूला काढली, दोन परत ठेवली आणि एकावरचे लेबल वाचून दाखवले. शेठजींनी कापलेला तुकडा न घेता सीलबंद पाकीट घेतले, कारण सुरी कोणकोणत्या पदार्थांना लागते हे त्यांनी पाहिले होते. बाहेर येताना मुलगा म्हणाला, ‘‘मला असं विचारायला लाज वाटते.’’ शेठजींना त्याचे खरेच आश्चर्य वाटले. पन्नास वर्षे त्यांनी पोत्यात हात घातल्याशिवाय माल घेतला नव्हता. माल घेणाऱ्याने विचारायचे नाही तर कोणी विचारायचे? चीज, पाव, लोणी यांविषयी आपल्या घराघरांत वेगवेगळे नियम आहेत. ज्याने त्याने आपल्या नियमाप्रमाणे चालावे. विचारण्याचा धडा मात्र सर्वांना उपयोगी आहे.

मेलबर्नची खरी ओळख कॉफी. दुसऱ्या महायुद्धानंतर आलेल्या इटालियन लोकांनी एस्प्रेसोची यंत्रे आणली. बर्क स्ट्रीटवरील पेलेग्रिनी हा कॉफी बार १९५४ पासून चालू आहे. डेग्रेव्ह्ज स्ट्रीट, सेंटर प्लेस अशा गल्ल्या इतक्या अरुंद की नगरच्या कापडबाजारातल्या माणसाला चुकल्याचुकल्यासारखे वाटणार नाही. व्यापारी वाचकांना एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. २००० साली अमेरिकेच्या स्टारबक्सने ऑस्ट्रेलियात प्रवेश केला, भराभर दुकाने काढली आणि २००८ मध्ये त्यांतील ६१ एकदम बंद केली. ज्या गावाला चांगल्या मालाची सवय लागलेली असते, त्या गावात नुसत्या नावावर धंदा होत नाही. शेठजींना हा किस्सा कॉफीपेक्षा अधिक आवडला. शहराच्या मध्यभागात २०१५ पासून ट्राम मोफत आहे, हेही त्यांना पसंत पडले. कॉफी न घेणाऱ्यांनी तेथे चहा मागताना जपावे; पुष्कळ कॅफेंत मसाल्याचा चहा मधात मुरवून ठेवलेला असतो. ‘मध नको’ असे आधीच सांगितल्यास साधा मसाला घालून देतात.

पोटभर जेवणासाठी स्वॅन्स्टन स्ट्रीटवर हरे कृष्ण संप्रदायाची ‘गोपाल्स’ आणि ‘क्रॉसवेज’ ही दोन ठिकाणे जैन कुटुंबांना जुन्या काळापासून ठाऊक आहेत. तेथील प्रसादाच्या स्वयंपाकात कांदा-लसूण नसतो, मांस-अंडे नसते. मात्र बटाटा, गाजर असते; तेव्हा भात, डाळ कोणत्या भाजीची आहे ते विचारून घ्यावे. जेवण साधे, गरम आणि स्वस्त. विद्यार्थ्यांच्या रांगेत उभे राहून शेठजींनी ताट घेतले आणि दुसऱ्यांदा भातही मागितला. फिट्झरॉयमधील ब्रन्सविक स्ट्रीटवर ‘व्हेजी बार’ १९८८ पासून केवळ शाकाहारी जेवण देतो. तेथे तरुणांची गर्दी आणि गोंगाट असतो. सासूबाईंना ते मानवले नाही, नातवाला फार मानवले.

या शहरात ‘वीगन’ हा शब्द पाट्यांवर सर्वत्र दिसतो. तो वाचून आपली माणसे निर्धास्त होतात, आणि ते निम्मेच बरोबर आहे. वीगन पदार्थात मांस, अंडे, दूध, मध, जिलेटिन नसते. कांदा, लसूण, बटाटा, आळंबी मात्र भरपूर असू शकतात. तसेच ‘हलाल’ लिहिलेले जिलेटिन म्हणजे शाकाहारी जिलेटिन नव्हे.

पिझ्झासाठी लायगन स्ट्रीट. कार्लटनमधील हा रस्ता इटालियन वस्तीचा. तोच उत्तरेकडे ब्रन्सविक ईस्टमध्ये शिरतो, तेथे ‘फोर हंड्रेड ग्रादी’ आहे. त्याचे मालक जॉनी डी फ्रांचेस्को यांनी २०१४ साली इटलीतील पार्मा येथे पिझ्झाच्या जागतिक स्पर्धेत साध्या मार्गरिटा पिझ्झासाठी पहिला क्रमांक मिळवला. जैन ग्राहकाला हाच साधा पिझ्झा जवळचा, कारण नेपल्सच्या पद्धतीत पीठ, पाणी, मीठ, यीस्ट यांचा कणकेचा गोळा, वर कुटलेला टोमॅटो, मोझरेला आणि तुळशीच्या कुळातील पाने एवढेच असते. अंडे नाही, आणि टोमॅटो शिजवून लसणीची फोडणी दिलेलीही नसते. तरी कोठेही गेलात तरी लसूण आणि रेनेट हे दोन शब्द उच्चारावेच. पास्ता घ्यायचा असेल तर सुका घ्यावा; ताज्या पास्त्याच्या पिठात बहुधा अंडे असते. जेवणानंतर आइस्क्रीमऐवजी फळांचे सॉर्बे घ्यावे: फळ, पाणी, साखर. सातच्या उन्हात फुटपाथवरच्या टेबलाशी शेठजींनी आंब्याचे सॉर्बे खाल्ले. त्या दिवशी त्यांना घरी परतण्याची घाई नव्हती.

गोडाच्या बाबतीत मात्र मेलबर्न जैन माणसाची परीक्षा घेते. अ‍ॅक्लंड स्ट्रीटवरील केकची दुकाने पाहण्यापुरती सुंदर आहेत; सर्वांत अंडे. पाव्हलोव्हा म्हणजे तर अंड्याच्या पांढऱ्याचाच डोंगर. याहून फसवी गोष्ट म्हणजे मलई. तेथे ‘थिकन्ड क्रीम’ नावाने विकल्या जाणाऱ्या मलईत दाटपणासाठी बहुधा जिलेटिन घातलेले असते, म्हणजे जनावरांच्या कातडी-हाडांपासून काढलेला पदार्थ. ‘प्युअर क्रीम’ लिहिलेली मलई घ्यावी. पाकिटामागे आकडेही छापलेले असतात: १२० म्हणजे किड्यांपासून काढलेला लाल रंग, ९०४ म्हणजे लाख. लाखेचा व्यापार शेठजींना माहीत होता. ती मिठाईला चकाकी आणण्यासाठी वापरतात, हे नवीन होते. नातवाला या आकड्यांचा नाद लागला. दुकानात तो आजोबांसाठी बारीक अक्षरे वाचू लागला. त्याचे डोळे चांगले, त्यांचे प्रश्न चांगले.

जानेवारीच्या मध्यावर तो एका मित्राच्या वाढदिवसाला गेला. येताना प्रत्येक मुलाला मिळते तशी खाऊची पिशवी घेऊन आला. तिच्यात रंगीबेरंगी सापाच्या आकाराच्या जेलीच्या गोळ्या होत्या. त्या देशात वाढदिवस त्यांच्याशिवाय होत नाही. सवयीने त्याने पाकीट उलटे केले आणि ‘जिलेटिन’ हा शब्द वाचला. हे साप तो बालवर्गापासून खात आला होता.

तो रडला नाही. रात्री आजोबांच्या खोलीत येऊन पलंगाच्या कडेला बसला. ‘‘दादाजी, मी खूप खाल्ले आहेत. मला माहीतच नव्हतं. आता?’’

मुलगा दारात उभा होता. तो म्हणाला, ‘‘त्याला माहीत नव्हतं, बाबूजी. मला होतं.’’ थोड्या वेळाने त्याने पुढे सांगितले की, पहिली दोन वर्षे त्याने प्रत्येक वेळी पिशवी तपासली. मुलगा प्रत्येक वेळी हिरमुसला होई. मग एके दिवशी त्याने पाहणे सोडून दिले. सूनबाई स्वयंपाकघरात भांडी विसळत होत्या. त्यांच्या भांड्यांचा आवाज थांबला.

शेठजी रागावले असते तर कोणाला नवल वाटले नसते. त्यांनी पिशवी गादीवर ओतली आणि नातवाला म्हणाले, ‘‘आण चष्मा. डाळ निवडतात तसं निवडू.’’ दोघांनी एकेक पाकीट वाचून दोन ढीग केले. चालण्याजोग्या ढिगात शेंगदाण्याची एक वडी आणि दोन चॉकलेटे उरली. मग ते मुलाकडे न पाहता म्हणाले, ‘‘उधारी फार झाली म्हणून आपण वही फाडत नाही. आजची तारीख टाकतो आणि पुढे लिहितो.’’ पर्युषणाला अजून सात महिने अवकाश होता, तरी आजीने नातवाकडून त्याच रात्री ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणवून घेतले. मुलानेही ते पुटपुटले की काय, हे कोणी विचारले नाही.

दुसऱ्या दिवसापासून घरात गोडाचा शोध सुरू झाला आणि तो अगदी ऑस्ट्रेलियन पदार्थापाशी येऊन थांबला. अँझॅक बिस्किट हे पहिल्या महायुद्धातील सैनिकांच्या आठवणीशी जोडलेले बिस्किट. ‘अँझॅक’ या नावाला १९२१ पासून कायद्याचे संरक्षण असून मूळ कृती बदलून ते नाव वापरता येत नाही. या मूळ कृतीत अंडे नाही! ओट, मैदा, साखर, खोबरे, लोणी, खाण्याचा सोडा आणि उसाचा सोनेरी पाक, जो चवीला आपल्या काकवीच्या जवळ जातो. सूनबाईंनी लोण्याच्या जागी तूप घातले. पहिला घाणा जरा पसरला. दुसरा खुसखुशीत झाला. पंचवीस एप्रिलच्या या दिवसाची आठवण शाळेतही पाळतात. नातवाने तेव्हा वर्गात नेण्यासाठी चाळीस बिस्किटांची मागणी आत्ताच नोंदवली. कोणाच्या तरी पिशवीत आपला खाऊ जाणार, ही कल्पना त्याला फार आवडली.

चॉकलेट हवेच असेल तर ब्लॉक आर्केडमधील हेग्ज. १९१५ साली अ‍ॅडलेडमध्ये सुरू झालेल्या या घराण्याचे तेथे दुकान आहे. मद्य घातलेले प्रकार वगळून, विचारून घ्यावे. भारतीय किराणा, फरसाण, मिठाई यांसाठी डँडनाँगमधील फॉस्टर स्ट्रीटचा ‘लिटल इंडिया’ भाग पुरेसा आहे. मूराबिन उपनगरात श्वेतांबर संघाचे देरासर आहे. शेठजींचे घराणे स्थानकवासी. तरीही ते तेथे गेले आणि बाहेर जोडे घालताना भेटलेल्या राजकोटच्या एका व्यापाऱ्याकडून जैन थाळी घरून करून देणाऱ्या दोन भगिनींचे पत्ते घेऊन आले. अशी माहिती कोणत्याही पुस्तकात मिळत नाही. नव्या माणसाने शहरात उतरल्यावर पहिल्या आठवड्यातच देरासर गाठावे, हे बरे.

मार्चच्या आरंभी ते परतले, तेव्हा सूर्यास्त आठच्या अलीकडे सरकू लागला होता. फ्रिजच्या दारावर नातवाच्या अक्षरांत एक यादी चिकटवलेली आहे. दुकानांची नावे, पुढे ‘विचारले’ किंवा ‘विचारायचे’, आणि शेवटच्या रकान्यात त्या महिन्याच्या सूर्यास्ताची वेळ. जूनच्या रकान्यात त्याने ५.०८ लिहून लाल रेघ ओढली आहे. आता दर रविवारी फोनवर बाप-लेकांचे बोलणे या यादीवरून सुरू होते. क्वीन व्हिक्टोरिया मार्केटात १९५० पासून एका गाडीवर गरम जॅम डोनट विकतात. त्यांच्यासमोर अजून ‘विचारायचे’ असेच आहे, कारण दर वेळी रांग फार मोठी असते.